पंच्याण्णवचं वाण

जर्मनीला जाऊन आलेल्या बायका परतल्यावर राइन नदी, किल्ले आणि चॉकलेट यांबद्दल बोलतात. त्यांना बोलू द्यावं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. राइन कुठे उगम पावते आणि कुठे समुद्राला मिळते हे मला पुण्यात बसूनच ठाऊक होतं, आणि ती तशीच निघाली. मला सांगायचंय ते पेट्रोलबद्दल. मी ड्रायव्हिंग शिकलेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

वाल्डॉर्फ

माझी मुलगी केतकी, जावई मंदारराव आणि सहा वर्षांची नात ईरा वाल्डॉर्फला राहतात. या गावात एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गावात जो भेटतो तो तिथे कामाला असतो, नाहीतर तिथे कामाला असणाऱ्यांना ब्रेड विकतो. संध्याकाळी बागेत फिरायला गेलं की मराठी ऐकू येतं, आणि ते सगळं मराठी घरभाडं आणि किंडरगार्टनची वेटिंग लिस्ट याबद्दल असतं. ईराला मराठी सगळं कळतं. "ईरा, पोळी खाणार का?" म्हटलं की ती "जा" म्हणते. पहिले दोन दिवस मी उठून दुसरीकडे जात होते. मग कळलं, ती हो म्हणतेय.

आम्ही अधिक महिन्यात गेलो. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, म्हणून मी पुण्याहून तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट आणि निरांजन घेऊन गेले. अनारशांचा डबा विमानात कुणाच्या तरी बॅगेखाली आला. पोचल्यावर उघडला तर आत तेहतीस अनारशांचा चुरा होता. तो आम्ही वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. मंदारराव म्हणाले, "आई, कॉर्नफ्लेक्ससारखं लागतंय, मस्त." हा मुलगा खोटं बोलतो, पण चांगलं बोलतो.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझ्या नवऱ्याबद्दल. ह्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनं तपासण्यात हयात घालवली. ह्यांचा कान हा आमच्या घरातला एकमेव दागिना होता. जेवता जेवता म्हणायचे, "शेजाऱ्यांच्या स्कूटरचा प्लग गेलाय," आणि दुसऱ्या दिवशी शेजारी स्कूटर ढकलत न्यायचे. लग्नानंतर आम्ही फिरायला महाबळेश्वरला निघालो तेव्हा खंबाटकी घाटात गाडी थांबवून ह्यांनी मला नॉकिंगचा आवाज ओळखायला शिकवला. इतर बायकांना नवरे घाटात काय दाखवतात ते मी विचारलेलं नाही.

तो कान दोन वर्षांपूर्वी गेला. एकदम नाही, हळूहळू. आधी पातळ आवाज गेले, मग मी. डॉक्टरांनी दोन्ही कानांची मशीनं दिली. ती देवघराच्या खणात कापराशेजारी आहेत. "म्हाताऱ्या माणसांची असतात ती," हे म्हणाले. तेव्हा ह्यांना एकाहत्तरावं लागलं होतं.

मंदाररावांना गाड्यांचं वेड. ते जर्मनीहून ह्यांना फोनवर इंजिनाचे आवाज पाठवतात, आपल्या गाडीचे, मित्रांच्या गाड्यांचे. "बाबा, ऐका बरं, काय झालंय?" पूर्वी हे एका ओळीत उत्तर द्यायचे. कान गेल्यावर हे फोन कानाला लावून बसायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी तो आवाज ऐकायचे आणि ह्यांच्यासमोर उभी राहून तोंडाने काढून दाखवायचे, जोरात. खट्-खट्-फुर्र, असं. हे त्यावरून निदान करायचे, आणि ते बरोबर निघायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा तब्येतीची चौकशी केली.

निघायच्या आधी ह्यांनी मला बजावलं, "केतकीला, मंदाररावांना कानाचं सांगायचं नाही." मी म्हटलं, "का पण? घरचीच माणसं आहेत." तर म्हणाले, "पगार त्यांचा मोठा. चार भाषा येतात. सगळं जग इंटरनेटवर बघतात. मला विचारण्यासारखं त्यांच्याकडे एकच उरलंय." मला भडभडून आलं होतं. पण कुकरची शिट्टी झाली, म्हणून उठले.

वाल्डॉर्फमध्ये कुणाला काही कळलं नाही, कारण जर्मनी हा बहिऱ्या माणसाला सोयीचा देश आहे. हॉर्न नाही, भोंगा नाही, दारावर भाजीवाला नाही. ऐकण्यासारखं काही नसल्यामुळे ऐकू येत नाही हे उघडं पडत नाही. समोरासमोर कुणी बोललं तर ह्यांना ओठांवरून बरंच कळतं. एकदाच पंचाईत झाली. हे बाल्कनीत उभे राहून पुण्याला भावाशी फोनवर बोलले, आणि शेजारच्या बाईंनी केतकीला गोड हसून विचारलं की भारतात काही दुर्घटना घडली आहे का. केतकीने सांगितलं की आमच्याकडे असंच बोलतात. समस्त भारतीयांवर हा आळ ह्यांच्यामुळे आलेला आहे.

पंपावर

शनिवारी आम्ही फिरायला निघालो. आधी बाड हॉम्बुर्ग, तिथे मुक्काम, मग टाउनुसच्या डोंगरात फेल्डबर्गच्या माथ्यावर, असा बेत होता.

मंदाररावांची गाडी सेकंडहँड, लाल आणि ठेंगणी आहे. आधीच्या मालकाने तिच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी फेरफार करून तिला जास्त चपळ केलं होतं. केतकीला ती डोळ्यांसमोर नको होती. तिला इलेक्ट्रिक गाडी हवी होती, जिच्यात ईराची सायकल, किराणा आणि नवरा नीट मावतो. दोघांत तह झाला होता: गाडीने जरा कुरकूर केली की विकायची. मंदारराव त्या गाडीला चार दिवसांच्या बाळासारखे जपत होते.

निघाल्या निघाल्या पंप लागला. टाकी तळाला गेली होती. ह्यांनी जाहीर केलं, "आज टाकी मी भरणार. जावयाचं वाण."

"बाबा, अहो, काहीतरीच काय!" मंदारराव म्हणाले.

"अनारशांचा चुरा झाला. हे तरी घ्या."

इथे पंपावर माणूस नसतो. "झीरो बघा" म्हणणारं कुणी नाही. आपणच नळी उचलायची, आपणच भरायचं, मग आत दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. न देता पळून का जात नाहीत, असं मी केतकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, प्लीज." तेवढ्यात ईराला बाथरूमला जायचं झालं. मंदारराव तिला घेऊन धावले, केतकी फोनवर होती, आणि पंपाशी उरलो आम्ही दोघं.

नळ्या चार. एकीवर पंच्याण्णव आणि ई-दहा, म्हणजे दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं, दुसरीवर नुसतं पंच्याण्णव, तिसरीवर अठ्ठ्याण्णव, चौथीवर एकशे दोन. ह्यांनी हात मागे बांधून, पालखीचं दर्शन घ्यावं तसं चौघींकडे पाहिलं.

"आपल्याकडे साधं पेट्रोल एक्क्याण्णव," हे मला म्हणाले. "पंच्याण्णव म्हणजे आपल्याकडचं स्पेशल. जावयाला स्पेशलच द्यायला हवं."

"मग एकशे दोन का नाही?"

"ती दुकानदारी आहे. लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे ताकद जास्त. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, दम आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल दाबलं जातं. आपली पाळी येईपर्यंत त्याने दम धरायचा असतो. ऑक्टेन कमी असलं की ते पाळीच्या आधीच पेटतं आणि मग इंजिन खडखडतं, तेच नॉकिंग. इंजिनाला जेवढा दम लागतो तेवढाच द्यावा. जास्त दिला तर फायदा शून्य."

या हिशेबाने ह्यांचं स्वतःचं ऑक्टेन फार तर साठ असेल. पण मी बोलले नाही, कारण ऐकवायला ओरडावं लागलं असतं आणि केतकी खिडकी उघडी ठेवून बसली होती.

टाकीच्या झाकणाच्या आत जर्मनमध्ये काहीतरी लिहिलेलं होतं. ह्यांचा चष्मा गाडीत होता. ह्यांनी ई-दहा नसलेल्या पंच्याण्णवची नळी उचलली आणि भरायला लागले. अर्धी टाकी होते न होते तोच मंदारराव ईराला काखेत मारून धावत आले. "बाबा, पुरे! मी देतो पैसे!" "तुम्ही व्हा बाजूला!" मग दोघांची जी ओढाताण झाली ती आपल्याकडे लग्नाच्या हॉलबाहेर रिक्षाचे पैसे देताना होते तीच. आमच्या मागच्या गाडीतला जर्मन माणूस शांतपणे बघत होता. त्याने हॉर्नही वाजवला नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. आत काउंटरवरच्या बाईसमोर दोघांनी कार्डं पुढे केली. तिने जवळचं घेतलं, ते ह्यांचं होतं. हे निवडणूक जिंकल्यासारखे बाहेर आले. कोणती नळी उचलली होती, हे या गडबडीत मंदाररावांनी पाहिलंच नाही.

बाड हॉम्बुर्ग

सपाट हायवेवर गाडी लोण्यासारखी गेली.

बाड हॉम्बुर्ग हे औषधी झऱ्यांचं गाव आहे. मोठी बाग आहे, बागेत जागोजागी झरे आहेत आणि लोक ते पाणी पितात. मीही प्याले. खारट, कोमट, आणि त्याला खिळे भिजत घातल्याचा वास. असं पाणी आपल्याकडे कुणी दिलं असतं तर त्या घरी मी पुन्हा पाऊल टाकलं नसतं. इथे त्यासाठी राजेरजवाडे यायचे. त्यातल्या थायलंडच्या राजाला बरं वाटलं म्हणून त्याने सोनेरी मंडप पाठवून दिला, तो अजून उभा आहे. मला नुसतं तहानल्यासारखं होत राहिलं.

जेवायला इकडची प्रसिद्ध हिरवी चटणी मिळाली. सात पाले घालून करतात, उकडलेल्या बटाट्यांबरोबर देतात. फार सुंदर आहे, फक्त मिरची घालायची राहून गेली आहे. मी पर्समधून लसणाचं तिखट काढलं. केतकी म्हणाली, "आई, इथे नको ना." मंदाररावांनी मुकाट्याने आपली प्लेट माझ्याकडे सरकवली.

रात्री झोपताना हे म्हणाले, "पोरगा चांगला आहे." मी म्हटलं, "हो." हे म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "झोपा."

फेल्डबर्ग

रविवारी ऊन कडक होतं. जर्मन लोक त्याला भयंकर उष्मा म्हणत होते. आपल्याकडे त्याला मार्च म्हणतात. गाडीत पाच माणसं. पुढे जावयाशेजारी मानाने हे, ह्यांच्या मागे मी, मधे केतकी, पलीकडे ईरा. गाव सुटलं, झाडी दाट झाली आणि चढ सुरू झाला.

दुसऱ्या वळणावर मला तो ऐकू आला. टिणटिणटिण. पत्र्याच्या डब्यात बारीक खिळे हलवावेत तसा. खंबाटकीपासून ओळखीचा.

मंदाररावांचा चेहरा मला आरशात दिसत होता. तो पांढरा पडला. त्यांनी पाय दाबला, आवाज वाढला.

"बाबा," ते म्हणाले, "काय वाटतं?"

हे बाहेर झाडं बघत होते. "छान!" हे म्हणाले. "फारच छान!"

"बाबा, छान काय? खळखळ वाजतंय!" केतकी म्हणाली. ह्यांना ते ऐकू गेलं नाही.

"बाबा छान म्हणतायत म्हणजे काही नसेल," मंदारराव म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता. पुढे झाडीत गाड्या लावायची जागा आली, तिथे त्यांनी गाडी घेतली आणि बॉनेट उघडलं. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर आवाज बंद. तो चढावर, जोर लावल्यावरच येतो. हे बॉनेटसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मंदारराव ह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मंदार, आपलं ठरलंय," केतकी म्हणाली. "एक कुरकूर. मी उद्याच जाहिरात टाकते."

"बाबा सांगतील तसं," मंदारराव म्हणाले. "बाबांनी इंजिन गेलं म्हटलं, तर विकू. बाबा, सांगा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. छत्तीस गुण जुळवून केलेल्या लग्नात नवऱ्याने असं कधी बघू नये. आवाज येतोय एवढं ह्यांना सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. कसला, ते कळत नव्हतं. पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर मी तोंडाने टिणटिण करून दाखवणार? मीच सांगून टाकावं, नॉकिंग आहे म्हणून? मग ह्यांच्याकडे काय राहिलं? गप्प बसावं, तर पोराची गाडी जाते. फेल्डबर्गचं निसर्गसौंदर्य या ठिकाणी अप्रतिम आहे असं म्हणतात.

मी म्हटलं, "उभ्या गाडीत काय कळणार? चढावर चालवा परत. हे नीट ऐकतील."

सगळे बसले. मी सीट आणि खिडकी यांच्या मधून हात घातला आणि ह्यांच्या खांद्यावर ठेवला.

गाडी चढाला लागली. टिणटिण सुरू झालं, आणि मी बोटाने ह्यांच्या खांद्यावर तसंच वाजवायला लागले.

"काय गं?" हे गरजले.

मी वाजवत राहिले. मंदाररावांनी पाय जरा सैल केला, आवाज थांबला, मी थांबले. पाय दाबला, मी सुरू. ह्यांनी मान अर्धी वळवली होती ती हळूच सरळ केली. मग डोळे मिटले. तपासणीच्या खोलीत हे असेच उभे राहत असतील.

"मंदारराव, पाय उचला," हे म्हणाले. माझं बोट थांबलं. "दाबा." टिणटिणटिण. "गिअर एक खाली घ्या." बोट मंदावलं. "हं. परत वर." बोट जोरात.

केतकी मधे बसली होती. तिने माझा हात पाहिला, मग ह्यांच्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नॉकिंग आहे," हे डोळे उघडून म्हणाले. "इंजिन ठणठणीत. पेट्रोलला दम नाही. ही गाडी किती मागते?" हे मंदाररावांच्या ओठांकडे बघत होते.

"अठ्ठ्याण्णव, बाबा. झाकणात लिहिलंय. मी तेच भरतो."

हे म्हणाले, "काल मी पंच्याण्णव भरलं. आपल्याकडे ते वरचं असतं. मला वाटलं, भारी देतोय तुम्हाला. चूक माझी."

जावयाला वाण म्हणून दिलं आणि त्यानेच गाडी आजारी पडली. आता हा मुलगा काय बोलेल?

मंदाररावांनी गाडी बाजूला घेतली आणि ह्यांच्याकडे वळून बघितलं. "बाबा," ते म्हणाले, "तीन आकड्यांचा फरक. तुम्ही आवाजावरून ओळखलात?"

"त्यात काय," हे म्हणाले.

मग आम्ही डोंगर उतरून खाली ओबरउर्सेलच्या पंपावर आलो. ह्यांनी हिशेब सांगितला: टाकीत तिसरा हिस्सा पंच्याण्णव उरलंय, वरचे दोन हिस्से एकशे दोन भरा, मिसळून अठ्ठ्याण्णवच्या वर जाईल. दुकानदारी म्हणून ज्याला हिणवलं होतं तेच पेट्रोल ह्यांनी समोर उभं राहून भरून घेतलं. या वेळी पैसे मंदाररावांनी दिले आणि हे भांडले नाहीत.

पुरुष आत गेलेले असताना केतकीने मला विचारलं, "आई, कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

तिने डोळे पुसले आणि ईराची बाटली उगाचच पुन्हा पुन्हा घट्ट केली. "गाडीचं जाऊ दे," ती म्हणाली. "राहू दे त्याला त्याची गाडी."

पुन्हा तोच चढ. नवं पेट्रोल नळीतून इंजिनापर्यंत पोचायचं बाकी असावं, पहिल्या वळणाला थोडं टिणटिण झालं. माझं बोट चाललं होतं. मग ते विरळ झालं. दोन, एक, आणि मग काही नाही. मंदाररावांनी पाय दाबला. गाडी गुरगुरत वर गेली आणि नुसती वरच गेली. माझं बोट ह्यांच्या खांद्यावर स्थिर होतं.

"गेला आवाज," हे म्हणाले.

"गेला, बाबा!" मंदाररावांनी स्टिअरिंगवर थाप मारली. ईरा आजोबांना ओरडून म्हणाली, "सुपर, ओपा!" आणि केतकीने पुढे वाकून वडिलांच्या डोक्यावरून हात फिरवला.

माझा खांदा भरून आला होता. काम झालं म्हणून मी हात मागे घ्यायला लागले. तेव्हा हे किंचित मागे कलले आणि माझ्या कानात कुजबुजले. कुजबूज म्हणजे ह्यांच्या मते कुजबूज. बाहेरून चालत जाणारं एक जर्मन जोडपं वळून बघायला लागलं.

"हात काढू नकोस गं," हे म्हणाले. "तू हात काढलास की मला काहीच ऐकू येत नाही."

गाडीत सगळ्यांना ऐकू गेलं. मंदाररावांनी मुकाट्याने गाडी हळू केली, आणि मी हात काढला नाही.